कुंडीतल्या छत्र्या

आत्यानं कुंडीतली पहिली छत्री काढली, मग दुसरी, मग मूठ तुटलेली तिसरी, आणि आत हात घालून तळ चाचपला. तळाचं भोक तेवढं बोटाला लागलं. पिशवी अजून तिच्या खांद्यावरच होती. मैत्रिणीकडे चार दिवस राहून ती आत्ता कुठे दारात पोचली होती, आणि दाराशीच तिची कुंडी छत्र्या घेऊन स्वागताला उभी होती.

"यातली माती कुठंय?"

"आलात का वन्सं? प्रवास बरा झाला ना?" भावजय हात पुसत बाहेर आली.

"माती."

"अहो, रिकामीच होती ना ती कुंडी. गॅलरीत नुसती पडून. म्हटलं, पावसाळा तोंडावर आलाय, ओल्या छत्र्या घरभर ठिबकतात..."

कुंडी रिकामी नव्हती. तिच्यात आमरी, म्हणजे ऑर्किड, होती. फांदीला लोंबकळत फुलणारी नव्हे, जमिनीत कंद धरणारी. ही पावसाळ्यात दोन पानं काढते, मर्जी असली तर पांढरी फुलं देते, आणि पाऊस सरला की पानं पिवळी पाडून वर काही म्हणजे काही ठेवत नाही. जुना कंद सुरकुततो, त्याच्या कुशीला नवा भरतो, आणि तो कोरड्या मातीत निजून राहतो. त्या दिवसांत तिची सेवा म्हणजे तिच्या वाटेला न जाणं. पाणी नाही, खत नाही, उकराउकर तर नाहीच. शिवाय तिला माती लागते ती तिचीच. त्या मातीतल्या बुरशीशी तिचं जमलेलं असतं. परक्या मातीत ती रुसते आणि रुसूनच मरते. आत्या हे सगळं बरेच कंद कुजवून शिकली होती. गेल्या पावसाळ्यात पहिल्यांदा दांडा आला आणि कळीसकट वाळला. यंदा फुलणार, असं ती मैत्रिणीला बजावून आली होती.

"ह्यांना विचारा बाई," म्हणून भावजयीनं हात वर केले.

हे, म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ, वर्तमानपत्राच्या मागे होते.

"ताई, एवढं काय त्यात? मातीच तर होती. दुसरी आणून देतो. हल्ली पिशवीत मिळते, छान चाळलेली."

आत्याची सगळी नोकरी बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत गेली होती. संतापलेल्या माणसाशी आवाज न चढवता बोलायचं तिला अंगवळणी पडलं होतं. आज फक्त संतापलेलं माणूस खिडकीच्या आत होतं.

"टाकलीस कुठे, एवढंच सांग."

"टाकली नाही गं, कारणी लावली. अध्यक्षांना दिली. खाली लिफ्टपाशी नवीन झाड आणलंय ना, ते दार उघडलं की वाऱ्यानं कोलमडतं. म्हणाले, बुडाला वजन हवंय."

लिफ्टपाशी आणलेलं झाड प्लास्टिकचं होतं.

पिशवी ठेवायला आत्या आपल्या खोलीत गेली, तर पलंगाला टेकून भावाची व्यायामाची सायकल उभी होती. डॉक्टरांनी सांगितली म्हणून घेतलेली, टॉवेल वाळत घालायच्या कामी येणारी.

"खोली रिकामीच होती म्हणून..." भाऊ बाहेरूनच म्हणाला.

निवृत्त झाल्यापासून हा शब्द तिच्यामागे हात धुऊन लागला होता. गॅसवाला येणार आहे, आत्या रिकामीच आहे. नळ दुरुस्त करणाऱ्यापाशी उभं राहायचंय, आत्या रिकामीच आहे. शेजारच्यांच्या मांजराला दूध घालायचं कामसुद्धा याच शब्दाच्या पाठीवर बसून तिच्यापर्यंत आलं होतं. तेव्हा तिनं ते गिळलं होतं. आज गिळेना.

तिनं तिन्ही छत्र्या सायकलच्या दांड्याला अडकवल्या, सायकल ढकलत भावाच्या पलंगापाशी नेऊन लावली, स्वयंपाकघरातला कालथा उचलला आणि ती जिना उतरली.

अध्यक्ष खालीच होते. इमारतीचे अध्यक्ष झाल्यापासून ते बहुतेक खालीच असत. ओल्या फडक्यानं ते झाडाचं एकेक पान पुसत होते.

"हात लावू नका, आत्या. इमारतीची मालमत्ता आहे."

"त्यात माझी आमरी आहे."

"कोण?"

"आमरी. कंद आहे तिचा. झोपलीय."

अध्यक्षांनी वाकून पाहिलं. "माझ्या झाडात?"

"तुमच्या झाडाखाली. झाडाला विचारू नका, त्याला पत्ता नसणार."

"हे पाहा, ठराव करून बसवलंय झाड. काढायचं तर सभा घ्यावी लागेल."

"बसवताना माझ्या कुंडीची सभा घेतली होती का?"

यावर अध्यक्षांनी आणखी एक पान पुसलं. आत्या कालथा घेऊन खाली बसली. प्लास्टिकच्या बुंध्यालगतची ढेकळं तिनं दोन बोटांनी बाजूला केली, आणि तिचा हात तिथंच थबकला. ढेकळांच्या फटीतून एक हिरवं टोक वर आलं होतं. सरळ नव्हे, कंद उलटा पडला असावा, त्यामुळे खालून वळसा घेऊन, जरा वाकडं. पण वर.

आता उकरलं तर ते मोडणार. आत्यानं ढेकळं होती तशी लावली. कालथा मात्र तिनं हातातून सोडला नाही. तो बघून अध्यक्ष फडक्यासकट लिफ्टच्या पलीकडे सरकले.

दुसऱ्या सकाळपासून आत्या वरून एक मग पाणी आणि घडीची खुर्ची घेऊन खाली येऊ लागली. येणारेजाणारे थांबत, प्लास्टिकच्या झाडाला पाणी घालणाऱ्या बाईकडे बघत, आणि लिफ्टचं दार मिटलं की हसत. दार पातळ होतं.

"ताई, लोक काय म्हणत असतील?" भाऊ म्हणाला. "चांगलं नाही दिसत ते."

"मग सांग ना त्यांना, आत काय आहे ते. आणि तिथं कोणी नेऊन घातलं तेही सांग."

भावानं वर्तमानपत्र उलटलं. ते त्याचं वाचून झालेलं होतं.

एका दुपारी भावजय खाली आली. खुर्चीपाशी जरा घुटमळली, मग जिन्याच्या शेवटच्या पायरीवर टेकली. हिरवं टोक आता बोटभर झालं होतं, आणि पहिलं पान सुरळी सोडायच्या बेतात होतं.

"खरंच वाटलं हो मला, रिकामी आहे म्हणून."

"सगळ्यांनाच वाटतं," आत्या म्हणाली. आवाजातली धार गेली नव्हती.

भावजय पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. "‘दिवसभर घरात रिकामीच तर असतेस,’ हे ह्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय ना वन्सं, तोंडात बसलाय तो शब्द. पटकन येतो."

आत्यानं पहिल्यांदा तिच्याकडे मान वळवून पाहिलं. मग खुर्ची थोडी बाजूला घेतली. भावजय उठून झाडाच्या कुंडीपाशी आली.

तेवढ्यात जिन्याच्या पोकळीतून भावाचा आवाज उतरला. "अगं, माझा चष्मा कुठंय? कोणी रिकामं आहे का खाली?"

भावजयीचा पाय सवयीनं पायरीकडे वळला. मग थांबला. तिनं वाकून मग उचलला आणि हळूच विचारलं, "किती घालू?"

"भिजेल इतपत. बुंध्यावर नको, कडेनं."

भावजय कडेनं पाणी सोडू लागली. माती ते सावकाश पीत होती.

"अहो, कोणी रिकामं आहे का?" पुन्हा आवाज आला, या वेळी जरा नरम.

दोघींनी माना वर केल्या नाहीत.

"आहे, आहे!" झाडामागून अध्यक्ष म्हणाले, आणि फडकं खांद्यावर टाकून त्यांनी लगबगीनं लिफ्टचं बटण दाबलं.