जायफळाने निर्भय झालेले उंदीर

आमचे प्रोफेसर बसुकी, आमच्या बोलीत 'पाक प्रोफ', म्हणजे प्रोफेसरसाहेब, दीडशहाणे आहेत, हे मला बावीस वर्षांपासून माहीत आहे. मी त्यांच्या प्रयोगशाळेतले उंदीर सांभाळते. एवढं मोठं नाव आणि एवढी थोडी अक्कल एकाच माणसात इंडोनेशियातल्या आमच्या अख्ख्या जोग्या शहरात दुसरीकडे सापडायची नाही.

या खेपेला त्यांनी जायफळ धरलं होतं. जायफळाच्या अर्काने भीती जाते, हे त्यांनी आधीच ठरवून टाकलेलं. उंदरांनी फक्त माना डोलवायच्या. तपासायची रीत सोपी. उंच खांबावर लाकडी फुली असते, तिचे दोन फाटे भिंतींचे, दोन उघडे. घाबरट उंदीर भिंतींच्या आत दडतो, भीती गेलेला उघड्यावर येतो. तो उघड्यावर किती वेळ राहिला ते पाच मिनिटं घड्याळ लावून मोजायचं. मोजायला वेनिंग होती. तिचा पदवीचा प्रबंध यावरच होता.

भरपूर अर्क पाजलेला पहिला उंदीर उघड्या फाट्यावर चार पावलं गेला आणि तिथेच पसरला.

"बघा, भीतीचा लवलेश नाही," पाक प्रोफ म्हणाले.

"पाक, तो झोपलाय," वेनिंग हळूच म्हणाली.

"निर्धास्त आहे. पुरी पाच मिनिटं लिही. काय, बु तुमिनी?" तुमिनी म्हणजे मी, बु म्हणजे बाई.

मी उंदीर उचलला. मान लुळी, डोळे मिटलेले. जायफळाने झोप लागते हे आमच्या गल्लीतली कुठलीही बाळंतीण सांगेल, त्याला प्रोफेसर कशाला लागतो? पण मी म्हणाले, "इंगिह, पाक." म्हणजे 'होय जी'. मोठ्यांपुढे आमच्याकडे एवढंच बोलायची पद्धत आहे.

असे आठ उंदीर झोपले. वेनिंगने आठांपुढेही 'झोपला' असं लिहिलं. पाक प्रोफनी खोडायला सांगितलं, तिने खोडलं नाही. मनात म्हटलं, पोरीत दम आहे.

तोंडी परीक्षेच्या सकाळी ती पांढरा ब्लाउज, काळा स्कर्ट घालून उंदरांच्या खोलीत आली.

"बु, त्यांनी विचारलं तर सांगाल ना? उंदीर तुम्हीच उचलले होते. माझ्या एकटीचं कोण ऐकणार?"

"सांगेन की. त्या भोपळ्याला मी घाबरते होय?"

फुली दाखवायला मलाही आत बोलावलं होतं. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. दाराबाहेर वेनिंगच्या मैत्रिणी, पास झाल्यावर तिच्या गळ्यात घालायला, तिचं नाव आणि पदवी शिवलेला पट्टा घेऊन थांबल्या होत्या.

सोलो शहराहून आलेल्या परीक्षक बाईंनी वेनिंगची नोंदवही उघडली. "इथे 'झोपला' लिहिलंय. मग याची भीती गेली असं कसं म्हणायचं?"

पाक प्रोफ हसले. "मुलीची नजर कच्ची आहे. बु तुमिनी होत्या ना तिथे, बावीस वर्षं उंदीर बघतायत. बु, उंदीर जागे होते ना?"

वेनिंगने माझ्याकडे पाहिलं. बाईंनीही पाहिलं. मला फक्त 'नाही' म्हणायचं होतं.

"इंगिह, पाक," मी म्हणाले.

नोंदी निष्काळजी ठरल्या. प्रयोग पहिल्यापासून करायचा, पदवी सहा महिन्यांनी. बाहेर मैत्रिणींनी पट्ट्याची घडी घातली.

दुपारी मी फुली पुसत होते. वेनिंग खाऊचा डबा घेऊन आली. परीक्षकांसाठी तिच्या आईने पहाटे उठून लेम्पेर केले होते, केळीच्या पानात गुंडाळलेला चिकट भात, आत कोंबडी. डबा तिने दोन्ही हातांनी पुढे केला, मान लववून.

"बु, हा तुमच्यासाठी सकाळीच बाजूला ठेवला होता."

तिने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती गेली. पाक प्रोफबद्दल काहीतरी वाईट आठवावं म्हणून मी पुष्कळ प्रयत्न केला, पण त्या दिवशी जमेना. मग बसून लेम्पेर खाल्ले, डब्यातले तिन्ही. चांगले झाले होते.