हद्दीबाहेरचा चहा

पारनेर तालुक्यातल्या चांगुणाबाईंचं सगळं काम अखेर देशाच्या उत्पन्नात धरलं गेलं.

असं काही झालेलं नाही. वरचं वाक्य वाचलंच नाही असं समजावं. मी गहिनीनाथ, सरकारी पाहणीतला कंत्राटी माणूस, आत्ताच त्यांच्या ओट्यावर येऊन बसलोय, असं धरून चालावं.

माझं काम सोपं आहे. माणसाला विचारायचं, काल पहाटे चारपासून काय काय केलंत? अर्ध्या अर्ध्या तासाचं उत्तर टॅबमध्ये भरायचं. देशात किती काम होतं आणि त्यातलं उत्पन्नात किती धरायचं, हे वरची हुशार माणसं त्यावरून ठरवतात. त्यांचा नियम असा की घरच्यासाठी वस्तू आणली किंवा पिकवली तर ती हद्दीच्या आत. घरच्या माणसाची सेवा केली तर ती हद्दीबाहेर.

पहिला प्रश्न होता, काम करता का? चांगुणाबाई कांद्याची पात निवडत म्हणाल्या, "न्हाई बा. घरीच असते."

आत खाटेवर त्यांचे मालक होते, आप्पासाहेब. दोन वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली. त्यांनी डाव्या हाताने खाटेची कड वाजवली.

मी कालचा दिवस विचारत गेलो. चार वाजता मालकांची कूस बदलली, अंग पुसलं: बाहेर. साडेचारला हापशावरून पाणी आणलं: आत. पाचला म्हशीची धार: आत. साडेपाचला त्याच पाण्याचा, त्याच दुधाचा चहा करून मालकांना चमच्याचमच्याने पाजला: बाहेर. म्हणजे चहा चुलीवर चढेपर्यंत चांगुणामावशी देशाच्या कामावर होत्या, आणि उकळी आली तशा रजेवर गेल्या. रात्री दहापर्यंत अठरा तास झाले. हद्दीच्या आत साडेतीन.

"आन बाकीचं?" आतून आवाज आला. शब्द जड होते, पण कळत होते.

बाकीचं धरत नाहीत, असं मी सांगितलं.

आप्पांनी मला आत बोलावलं. ते तीस वर्षं गावचे कोतवाल होते. पीक कापणीच्या वेळी तलाठ्याबरोबर खुंट्या आणि दोरी घेऊन जायचे. कोणत्या शेतात कुठे चौकोन आखायचा, ते आकडे वरून यायचे. तेवढंच पीक कापून तोलायचं आणि त्यावरून अख्ख्या भागाचं पीक धरायचं. पीकविमाही त्यावरच ठरायचा, पीक कमी भरलं तरच मिळायचा. त्यामुळे दोरी जरा विरळ जागी सरकवा म्हणून लोक हातापाया पडायचे. एका वर्षी चौकोन आप्पांच्याच बाजरीत आला, तोही नेमका जोमाच्या जागी. त्यांनी दोरी हलवली नाही. अख्ख्या गावाचा विमा हुकला. मग गाव महिनाभर त्यांच्याशी बोललं नाही.

"गाव न्हवतं बोलत," मावशी उंबऱ्यातून म्हणाल्या. "मी बोलत हुते. लई बोलत हुते."

आप्पा हसले. अर्धंच, कारण तेवढंच हसता येतं. मग म्हणाले, "पोरा, ही कामाला हाय का न्हाई? तेवढं लिवून जा. मी हाय तवर."

मला राहवलं नाही. मी म्हणालो, टॅबमधली एक खूण बदलतो. मावशी पगारी सेविका, असं टाकतो. पगारी सेवा आत धरतात.

"पगार कोन देतं?" आप्पांनी विचारलं.

"तुम्ही."

"मंग द्या की," मावशी म्हणाल्या. "लग्नापास्नंचा."

आप्पांची नजर माझ्या टॅबवर गेली. त्यांना ती खूण हवी होती. माझं बोट टॅबवर तयारच होतं. पण डावा हात उचलून त्यांनी माझं मनगट धरलं.

"दोरी सरकवू नगं."

मी बोट काढून घेतलं. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी ओघळून कानात चाललं होतं, आणि ते पुसणारा हात त्यांनी माझ्या मनगटावर खर्ची घातला होता. मावशी आल्या आणि पदराने टिपून घेतलं. ही नोंद आजच्या दिवसातली, मला विचारायची नव्हती.

"आवो, मोजून करायचं काय?" त्या आप्पांना म्हणाल्या. "मोजलं म्हनून काय तुमी आपली आपन कूस बदलनार हाय का? व्हा तिकडं."

त्यांनीच कूस बदलली. भिंतीकडे तोंड झाल्यावर आप्पांनी विचारलं, "तुज्यात शेरा असतो का रं? आमच्या कागदाला खाली असायचा."

होता. शेवटी एक रिकामी चौकट असते. ती कोणी वाचत नाही, असं साहेबांनी प्रशिक्षणातच सांगितलं होतं. आप्पा भिंतीला सांगत गेले, मी लिहीत गेलो. मध्ये मावशींनी दोघांनाही चहा दिला, मला कपाने, त्यांना चमच्याने.

शेरा: सदर महिलेने काल रोजी अठरा तास काम केल्याचे समक्ष विचारपूस करता दिसून आले. पैकी साडेतीन तास हद्दीत असून उर्वरित हद्दीबाहेर आहेत. मोजणीवेळी दोरी हलविण्यात आलेली नाही. सबब विनंती की, देशाच्या उत्पन्नाची हद्द वरूनच, रीतसर, एक चमचा चहा आत येईल इतकी सरकवून मिळावी, व तसे पतीस लेखी कळवावे. महिलेस कळविण्याची तसदी घेऊ नये. त्या कामात असतात.