सतरा नंबरचे घोट

प्रयोगशाळेत तिला सगळे 'आजी' म्हणत. वय अवघं तेहतीस, पण पीएचडीचं सातवं वर्ष चालू होतं. मागून आलेले तिघे पदवी घेऊन मार्गी लागले आणि ही आपली अजून खिडकीजवळच्या त्याच टेबलावर. "अगं, किती राहिलं?" हे आईनेही विचारायचं सोडून दिलं होतं. आता ती फोनवर फक्त जेवणाची चौकशी करायची आणि ही बिस्किटं खात बेधडक पोळी-भाजी सांगायची.

तिचं काम गळ्याशी बांधायच्या एका पट्ट्यावर होतं. पक्षाघात झालेल्या माणसाला पुष्कळदा धड गिळता येत नाही. पाणी श्वासनलिकेत उतरतं, ठसका लागतो, पुढे फुप्फुसांचं दुखणं मागे लागतं. पट्ट्यातले बारीक मायक्रोफोन घोटाचा आवाज टिपत आणि घोट सरळ उतरला की वाट चुकला, हे संगणक सांगे. चोवीस रुग्णांची चाचणी झाली की प्रबंध पुरा.

त्यातला सतरावा नंबर क्रेनवाल्या काकांचा. बंदरावरच्या उंच क्रेनच्या केबिनमध्ये त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. झटक्यानंतर हातपाय बरेच सुधारले, जीभ मात्र जड राहिली. बायको जाऊन चार वर्षं झालेली, मुलगी दुसऱ्या शहरात. दर मंगळवारी ते अर्धा तास आधीच येऊन बाकावर बसत. पट्टा बांधला की एकेक घोट असा ऐटीत घेत, जणू परीक्षा पाण्याचीच चालली आहे. घोट दर वेळी सरळ उतरे.

मग पट्टे घरी द्यायला सुरुवात झाली. आठवड्याने सतरा नंबरच्या नोंदी उघडल्या आणि यंत्रच बिघडलं असं तिला वाटलं. अख्ख्या दिवसात पाण्याचे सात घोट. एके दिवशी तर पाचच.

"पट्टा नीट बसला नसेल," गाइडबाई म्हणाल्या. "वगळ तो आठवडा आणि लिहायला बस. आणखी किती वर्षं इथे काढायचीत?"

तिचं मन काही मानेना. दुसऱ्या दिवशी ती काकांच्या घरी गेली. तिसऱ्या मजल्यावरची एक खोली. खिडकीशी खुर्ची, शेजारी स्टुलावर काठोकाठ भरलेला तांब्या. पट्टा गळ्यातच होता आणि अगदी नीट बसलेला होता.

"काका, पाणी पीत नाही तुम्ही?"

काकांनी एकेक शब्द जुळवला. "तुझ्याकडे पितो ना. तिथे ठसका लागला तर तू असतेस. इथे लागला तर..." त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि वाक्य तसंच सोडून दिलं.

दोन वर्षं ती या माणसाचा गळा तपासत होती. घरी तो एकटा पाणी कसा पीत असेल, हे तिने कधी विचारलंच नव्हतं.

"मी एक वाजता जेवते," ती म्हणाली. "तेव्हा फोन लावत जाईन. मी जेवेन, तुम्ही पाणी प्या."

"तू कुणाबरोबर जेवतेस?"

"टेबलाबरोबर."

काका हसले. चेहऱ्याची एकच बाजू हसली, पण हसले.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. क्रेनवरची वायरलेसची सवय काकांच्या अंगात मुरलेली. घोट गिळला की ते म्हणत, "उतरला. ओव्हर." ही म्हणे, "पुढचा घ्या. ओव्हर." डब्यात काय आहे हे ते रोज विचारत आणि त्यांना थाप मारणं तिच्या जिवावर येई, म्हणून ती खरंच डबा आणू लागली. नोकरीत असताना एकदा ते वादळात नऊ तास क्रेनवर अडकले होते. "खालचा गडी नुसता बोलत राहिला," काका म्हणाले. "त्याचं बायकोशी झालेलं भांडणसुद्धा ऐकवलं सगळं. कोण बरोबर, ते अजून ठरवतोय मी."

महिन्याभरात नोंदी दिवसाला साठ घोटांवर गेल्या. गाइडबाई खूश झाल्या. तेव्हा तिने फोनचं सांगून टाकलं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे चाचणीत हात घातलास तू. आता फोन बंद कर आणि तीन आठवडे पुन्हा मोज. नाहीतर सतरा नंबर बाद. मग नवा रुग्ण, नवी परवानगी, आठ महिने तरी गेले."

"बाद करते."

"विचार करून सांग."

"केलाय, बाई."

आठाचे दहा महिने झाले. मधल्या काळात तिने बाकीच्यांच्या नोंदी पुन्हा चाळल्या. आणखी पाच जण घरी निम्मंच पाणी पीत होते आणि पाचही जण एकटे राहणारे होते. त्यावर तिने एक वेगळं प्रकरण लिहिलं.

पाचव्या महिन्यात काकांची मुलगी त्यांना न्यायला आली. "तिकडे घर भरलेलं आहे," काका फोनवर म्हणाले. मग थांबून म्हणाले, "तुझं काय?"

"माझं काय व्हायचंय? जेवेन की."

सुरुवातीला रविवारी त्यांचा फोन येई. मग तोही थांबला. बाबा मजेत आहेत, नातवंडांबरोबर जेवतात, असा मुलीचा निरोप आला. तिला मनापासून बरं वाटलं. पण एक वाजला की तिचा हात फोनकडे जाई आणि परत येई.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक पट्ट्यापेक्षा त्या वेगळ्या प्रकरणावरच जास्त रेंगाळले. "एक रुग्ण तुम्ही स्वतःच कमी केलात. का?"

"सर, ते माझ्याशी बोलत पाणी प्यायला लागले होते. ते मला थांबवायचं नव्हतं."

परीक्षकांनी काहीतरी लिहून घेतलं आणि पान उलटलं.

दुपारी निकाल सांगितला, पदवी मिळाली. गाइडबाई पाठीवर हात ठेवून बैठकीला गेल्या. ती कॅन्टीनमध्ये आली. सगळी टेबलं घोळक्यांनी भरलेली. कोपऱ्यात एक अनोळखी बाई एकटीच जेवत होती. ही ताट घेऊन जरा वेळ उभी राहिली, मग तिकडे गेली.

"इथे बसू का?"

"बसा की," म्हणत बाईंनी आपली पिशवी खुर्चीवरून उचलली.