पाठमोरी गाडी

सूर्य हा चराचराचा एकमेव निःसंग यात्रिक होय. तो कोणाची वाट पाहत नाही, कोणाला वाट पुसत नाही, आणि आकाशाच्या नीलविस्तीर्ण राजपथावर त्याने आजवर एकदाही मागे वळून पाहिलेले नाही. अशा तेजोनिधीच्या अस्तसमयी अखिल सृष्टीने पश्चिमेकडे मुख करून, नतमस्तक उभे राहावे, हाच सनातन धर्म.

अखिल सृष्टी तशी उभी होतीही. फक्त हिंदुराव काटकर गाडी रिव्हर्समध्ये घेत होते.

सागरी राष्ट्रीय उद्यानाच्या वेशीवर सुरूची झाडे होती. कृश, धूसर, रात्रपाळी करून आल्यासारखी. पलीकडे वाळू, वाळूपलीकडे समुद्र. दिवसभर किनाऱ्याला तीच एक गोष्ट सांगून समुद्रही दमला होता. थकलेल्या लाटा, थकलेले बगळे, थकलेले ऊन; आणि या सगळ्या श्रांत सौंदर्याकडे पाठ करून इंचाइंचाने मागे सरकणारी ती पांढरी कॅराव्हॅन.

चाकांवरचे घरच ते. दोन पलंग, एक शेगडी, हातभर मोरी. लेकाने तीन दिवसांसाठी ठरवून दिले होते. ‘आईला समुद्र दाखवा,’ एवढेच तो बोलला होता. पाठीमागे काय आहे हे दाखवणारा एक कॅमेराही गाडीला होता. त्याच्या पडद्यावर हिंदुरावांनी पहिल्याच दिवशी रुमाल टाकला. यंत्राच्या सांगण्यावरून मागे जाणारा ड्रायव्हर त्यांना माहीत नव्हता. मागे जायचे ते माणसाच्या सांगण्यावरून.

माणूस म्हणजे अनसाबाई.

त्या गाडीमागे वाळूत उभ्या होत्या. पदर खोचून, आरशावर नजर खिळवून, उजव्या हाताच्या पंजाने वारा आपल्याकडे ओढीत. “येऊ द्या... येऊ द्या... येऊ द्या...” आणि अखेरीस पत्र्यावर एक थाप. “बास.”

बत्तीस वर्षे एसटी चालवलेल्या माणसाचा एकच वेद असतो. गाडी लावायची ती तोंड रस्त्याकडे करून. पहाटे उठावे, चावी फिरवावी, निघावे. आणि मागच्या माणसाने आरशातल्या ड्रायव्हरवरून नजर काढायची नाही. मग आभाळ कोसळो. दहिवडीच्या डेपोतली ही ऋचा हिंदुराव समुद्रकाठी घेऊन आले होते, सोबत चटणीचा डबा आणि गुडघ्याचे तेल.

म्हणून पहिल्या सायंकाळी गाडी काटकोनात लागली, थाप पडली, अनसाबाई वळल्या. तोवर क्षितिजावर नुसती राख उरली होती.

“सूर्व्या कुठं गेला?” त्यांनी विचारले.

“गेला खाली. उद्या येतोय की. त्याची काय शेवटची फेरी हाय?”

शेवटची फेरी कोणाची होती, ते दोघांनाही ठाऊक होते.

काचबिंदू. नाव किती सुंदर, काचेवरच्या दवासारखे. डॉक्टरांनी सांगितले होते की गेले ते परत यायचे नाही, उरले तेवढे जपू. जुन्या लुगड्याचे काठ आधी विरावेत तसे अनसाबाईंचे जग कडांकडून विरत चालले होते. मध्ये एक वाटोळा उजेड, भोवती धुके, आणि धुके रोज बोटभर आत.

माणच्या माळावर जन्म गेला त्यांचा. तिथे सूर्य खडकाळ डोंगरामागे जातो, कामावरून घरी परतणाऱ्या गड्यासारखा, न बोलता. पण लग्न नवे असताना हिंदुराव एकदा कोकणातली फेरी करून आले आणि म्हणाले, “सूर्व्या समुद्रात बुडतो तवा चर्रर वाजतं. फोडणीगत.” ते चर्रर अनसाबाईंनी चाळीस वर्षे कानांत जपले. चुलीपुढे जपले, रॉकेलच्या रांगेत जपले, मुक्कामी गेलेल्या नवऱ्याची भाकरी झाकून ठेवताना जपले. आता कानांना घाई नव्हती. डोळ्यांना होती.

दुसऱ्या दिवशी खारफुटीतून हिंडून आले. बोटांएवढे खेकडे पाहिले, पाण्यावर टेकलेले आभाळ पाहिले. सायंकाळी गाडी पुन्हा त्याच जागी, पुन्हा त्याच दिशेने, पुन्हा तोच पंजा, तोच मंत्र. येऊ द्या, येऊ द्या. आणि पाठीमागे, कोणी न बोलावता, सूर्य निघून गेला.

भाकरी थापता थापता अनसाबाई म्हणाल्या, “उद्या तोंड समुद्राकडं करून लावा की.”

“आन् सकाळी निघायचं कसं?”

“सकाळी कुठं डूटीवर जायचंय?”

हिंदुराव खाली उतरले आणि चारी चाकांतली हवा तपासून आले.

तिसरी सायंकाळ. शेवटची.

त्या सायंकाळी पश्चिमेने काही राखून ठेवले नाही. केशर उधळले, कुंकू उधळले, जांभळे रेशीम घडी मोडून अंथरले. हिंदुरावांनी रुमाल जागेवर असल्याची खात्री केली, आणि गियर मागे टाकला.

अर्ध्यावर गुडघा अडला. क्लचवरचा पाय वर येईना. कळ ओसरेपर्यंत करायचे काय, म्हणून ते आरशात बघत राहिले.

आरशात अनसाबाई होत्या. काळ्या, लहान, पणतीच्या वातीएवढ्या. त्यांच्यामागे सूर्य, पूर्ण, लाल, पिकलेला. त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या. त्या डावे चाक बघत होत्या. डावे चाक बघायला त्यांनी सबंध मान डावीकडे वळवली, पाखरासारखी. मग उजव्या चाकासाठी सबंध मान उजवीकडे. मग पुन्हा मध्ये, आरशाकडे, त्यांच्याकडे. आणि पंजा हलत होता, दमलेला, इमानी पंजा.

आरशात दिसते ते दिसते त्याहून जवळ असते, हे हिंदुरावांनी बत्तीस वर्षे नव्या ड्रायव्हरांना शिकवले होते.

त्यांनी गाडी बंद केली. तशीच. आडवी, तिरकी, तोंड ना रस्त्याला ना समुद्राला. दहिवडीच्या डेपोत कोणी पाहिली असती तर वर कळवले असते. लंगडत खाली उतरले.

“आवो, चाक वाळूत रुतंल,” अनसाबाई म्हणाल्या. “अजून दोन हात हाय.”

“असू दे.”

“मी नजर काढली न्हाई हां.”

“आता काढ,” हिंदुराव म्हणाले, आणि त्यांना खांद्याला धरून वळवले.

उरलेल्या नजरेचा वाटोळा उजेड, आणि त्यात नेमका, काठोकाठ, वाटोळा सूर्य. जणू मापच घेऊन केलेला. दोघे उभे राहिले, हिंदुरावही. कारण खरे असे होते की सूर्य बुडताना त्यांनीही कधी पाहिला नव्हता. त्या वेळी ते नेहमी गाडी लावत असत.

सूर्य पाण्याला टेकला, आणि अनसाबाईंचा हात आपोआप वर आला. तीन दिवसांची सवय. पंजा हलू लागला, हळू, हळू, वारा आपल्याकडे ओढीत. “येऊ द्या... येऊ द्या...” थकलेला सूर्य मागे मागे सरकत गेला, अर्धा, पाव, नखाएवढा. हवेत एक थाप पडली.

“बास.”

समुद्र दमून निजला. बगळे निजले. पाण्यावर एक लाल रेघ उरली होती. तीही कोणीतरी हाताने पुसावी तशी पुसली गेली.

“चर्रर बिर्रर काय वाजलं न्हाई,” अनसाबाई म्हणाल्या.

हिंदुरावांनी नुसते नाक ओढले.

“बरं,” त्या म्हणाल्या, “आता गाडी तेवढी सरळ लावा.”