उजव्या खांद्याचा दाखला

"चार आठवडे लिहू की सहा?" गुरुनाथनं फोनवर विचारलं.

मी कॉर्कजवळच्या रिंगास्किडीत, कारखान्याच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून डबा खात होतो. कारखान्यात सव्वाबाराची सुट्टी झाली होती.

"सहा लिही," मी म्हणालो. "चारात परत मैदानावर जाईल ती."

"अरे, पण खांद्याला काही नाहीये तिच्या. सकाळी नीट तपासलाय मी. मुका मार आहे, शनिवारपर्यंत जाईल."

"तुला मुलगी नाही म्हणून तू असं बोलतोस. लिही, सांधा सैल आहे म्हणून."

तो हसला. "संज्या, लेका, औषधाच्या कारखान्यात क्वालिटीला आहेस ना तू? आणि मला खोटं लिहायला सांगतोस?"

"लिही रे."

"आणि तिला काय सांगू?"

"तेच सांग. तपासताना हाताला जाणवलं म्हणावं."

गुरुनाथ आणि मी पुण्यात एका बाकावर बसून शाळा काढली. आता तो इथं अर्ध्या तासावरच्या गावात डॉक्टर आहे, त्याच्या दवाखान्याला मागच्या दारानं जाणारा मी एकटा. त्यानं लिहिलं. उजव्या खांद्याचा सांधा सैल. सहा आठवडे रग्बीच्या टॅकलचा प्रत्यक्ष सराव नको. धावण्यास हरकत नाही. खाली सही, शिक्का. मी डबा बंद केला, हात पुसले आणि कामावर गेलो.

माझं काम काय, तर दुसऱ्यांनी भरलेले कागद तपासायचे. औषधाच्या प्रत्येक खेपेमागे दोनशे पानं असतात. कुठल्या टाकीचं तापमान किती वाजता किती होतं, कोणी बघितलं, सही कोणाची. जे बघितलं नाही ते लिहायचं नाही, एवढा एकच धर्म. दोन वर्षांपूर्वी एका माणसानं चहाला गेला होता त्या वेळेचं तापमान अंदाजानं टाकलं होतं. ते मी पकडलं. माणूस भला होता, दोन पोरांचा बाप होता, अंदाजही बरोबर निघाला. तरी त्याची नोकरी गेली, आणि मला त्या रात्री छान झोप लागली.

यामिनी आमची एकुलती एक. इथंच जन्मली, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि कॉलेजच्या मुलींच्या संघातून रग्बी खेळते. संघात तिला सगळ्या 'यॅम' म्हणतात. मराठी तिला सगळं समजतं, उत्तर मात्र कॉर्कच्या हेल काढलेल्या इंग्रजीत येतं. बाबा आणि आई हे दोन शब्द तेवढे शुद्ध.

सप्टेंबरात एकदा तिला घ्यायला मी लवकर पोचलो आणि कुंपणापाशी उभा राहिलो. तोवर मी त्यांना फोमच्या जाड पोत्यांवर धडका मारताना बघितलं होतं. त्या दिवशी पोती बाजूला ठेवली होती. ओर्ला, त्यांची कोच, शिट्टी वाजवायची. एक मुलगी चेंडू छातीशी धरून सुसाट यायची आणि दुसरीनं तिला खरोखर पाडायचं. कमरेत खांदा घालायचा, पायांना मिठी मारायची, आडवं करायचं. हाच टॅकल. यामिनीसमोर आली ती माझ्या दीडपट होती. आवाज कुंपणापर्यंत ऐकू आला. माझी मुलगी उठली तेव्हा ओठातून रक्त येत होतं आणि ती हसत होती.

त्या हसण्याची मला भीती वाटली, रक्ताची नाही. खेळ सोड म्हटलं तरी ती ऐकणारी नव्हती.

घरी मी सुचित्राला म्हणालो, "अगं, हे काय शिकवणं आहे? मॅचमध्ये पडायचं ते पडेल. रोज कशाला आपटून घ्यायचं?"

सुचित्रा कऱ्हाडची. लग्नाआधी तालमीच्या मैदानावर कबड्डी खेळायची, गुडघ्यांवर अजून खुणा आहेत. तिनं भाजी ढवळता ढवळता उत्तर दिलं, "अहो, पकड काय पुस्तकात शिकतात होय? समोरची अंगावर आल्याशिवाय कळतच नाही, आपलं डोकं कुठं ठेवायचं ते. आमचे सर म्हणायचे, सरावात लाजाल तर सामन्यात मोडाल."

"ते तुमच्या कऱ्हाडच्या मातीत."

"आणि इथं काय गादी अंथरलीय? उलट इथं सराव जास्त पाहिजे."

तोवर माझ्या मनात दुसराच मार्ग आला होता. आमच्या लोकांचा जुना, खात्रीचा मार्ग. शाळेत एनसीसीच्या कॅम्पला जायचं नव्हतं तेव्हा माझ्या वडिलांनी ओळखीच्या डॉक्टरांकडून मला पोटदुखीचा दाखला आणून दिला होता. पोहण्याच्या वेळी कानाचा. पोराला जग मिळावं पण जगाचा धक्का लागू नये, अशी आमची सगळी हुशारी. यामिनीचा खांदा त्या आठवड्यात दुखत होता. तीच म्हणाली, गुरुनाथकाकाला दाखवू का? मी म्हटलं, दाखव, आणि ती पोचायच्या आत त्याला पहिला फोन केला, काही आठवड्यांची विश्रांती लिही म्हणून.

माझा हिशेब असा होता की सहा आठवडे बाजूला बसली की तिचा रस जाईल. संघातली जागा दुसरी कोणी घेईल. थंडी पडेल. प्रकरण आपोआप मिटेल.

रस गेला नाही. ती प्रत्येक सरावाला जायची, धावायची, पाण्याच्या बाटल्या भरायची, बाकीच्या एकमेकींना पाडत असताना रेघेवर उभी राहून ओरडायची. फक्त एक गोष्ट झाली. तिनं तो दाखला खरा मानला. का मानू नये? काकांनी हातानं तपासून सांगितलं होतं. ती डाव्या कुशीवर झोपायला लागली. बॅग डाव्या खांद्यावर. प्रेसमधून, म्हणजे इथल्या कपाटातून, कुकर काढायचा तर डाव्या हातानं, हे माझ्या डोळ्यांसमोर. सुचित्रा एकदा म्हणाली, "अहो, एवढं आहे का हो तिला खरंच?"

"डॉक्टरनं लिहिलंय," मी म्हणालो. बायकोशीही.

दाखल्याची मुदत संपली गुरुवारी. सोमवारी तिनं दहा-पंधरा मिनिटं टॅकल केले असतील. बुधवारी सामना होता. दोन मुली जायबंदी होत्या म्हणून ती राखीव खेळाडूंत होती. उत्तरार्धात तिसरी लंगडत बाहेर आली तेव्हा ओर्लानं विचारलं, "यॅम, खांदा कसा आहे?"

"ग्रँड," यामिनी म्हणाली. या देशात घर जळत असलं तरी माणूस ग्रँडच म्हणतो.

मी सुट्टी टाकून गेलो होतो. सुचित्रा शेजारी छत्री धरून उभी होती. सात-आठ मिनिटं काही झालं नाही. मग समोरच्या संघातली एक मुलगी चेंडू घेऊन बाहेरच्या बाजूनं आली, यामिनीच्या उजवीकडून. सोपा टॅकल. उजवा खांदा घालायचा, म्हणजे डोकं आपोआप तिच्या पाठीमागे जातं, सुरक्षित. ओर्ला हे त्यांच्याकडून शंभर वेळा घोटून घेते. यामिनी वाकली आणि शेवटच्या पावलाला वळली. उजवा खांदा मागे ओढून घेतला आणि डावा पुढे केला. डोकं त्या मुलीच्या समोर आलं, तिच्या मांडीच्या हाडाच्या वाटेत.

सुचित्रा पुटपुटली, "अगं, डोकं…"

तेवढंच. मग छत्री खाली पडलेली आणि सुचित्रा कुंपणावरून पलीकडे गेलेली.

हॉस्पिटलात आठ तास गेले. मेंदूला धक्का बसला होता, मानेच्या एका मणक्याला बारीक चीर गेली होती. हातपाय हलत होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नशीब चांगलं आहे. दहा आठवडे कॉलर लागेल. मग त्यांनी कागद बघून विचारलं, "उजव्या खांद्याला आधीचं काही आहे का?"

"सांधा सैल आहे," यामिनी म्हणाली. "म्हणूनच मी डावा घातला. उजवा निखळेल असं वाटलं. तेवढ्या वेळात दुसरं काही सुचलंच नाही."

त्यांनी तिला झोपवूनच खांदा हळूहळू फिरवला. वर, बाहेर, मागे. पुन्हा एकदा. मग दुसरा, तुलनेसाठी. "हा अगदी घट्ट आहे," त्या म्हणाल्या. "असं तुला कोणी सांगितलं?"

यामिनीला मान वळवता येत नव्हती. तिनं नुसते डोळे माझ्याकडे फिरवले. त्यात संशय नव्हता, नुसता प्रश्न होता. मग तीच म्हणाली, "काकांची चूक झाली असेल. होतं असं."

मी मान हलवली. होतं असं.

पुढच्या रविवारी ओर्ला घरी आली. तिशीची असेल, शाळेत शिकवते, कोचिंग फुकट करते. हातात स्वतः केलेला सफरचंदाचा केक. सोफ्याच्या कडेवर बसून ती म्हणाली, "मिस्टर जोगळेकर, चूक माझी आहे. सहा आठवडे जिनं कोणाला पाडलं नाही, तिला मी एका सरावावर उतरवायला नको होतं. पोत्यांवर कितीही मारलं तरी पोतं चालून येत नाही. मला माहीत होतं. कमिटीलाही मी तसंच लिहून देणार आहे."

मी काय करायला हवं होतं, ते सांगायची गरज नाही. मी काय केलं ते सांगतो. मी म्हणालो, "असं मनाला लावून घेऊ नका." आणि तिला आणखी चहा ओतला.

ती गेली. सुचित्रा कप उचलत होती. यामिनी कॉलरमध्ये ताठ बसून खिडकीतून तिची गाडी मागे जाताना बघत होती. म्हणाली, "पुअर ओर्ला. आता तिला काढतील."

दुपारचे तीन वाजले होते. उरलेला अर्धा केक टेबलावर होता. मी म्हणालो, "यामिनी, तुझ्या खांद्याला कधीच काही नव्हतं."

"हो, डॉक्टर म्हणाल्या ना."

"काकालाही माहीत होतं. मी लिहायला सांगितलं."

सुचित्राच्या हातातला कप बशीवर वाजला. यामिनीनं डावा हात उचलला, उजव्या खांद्यावर ठेवला आणि दुसऱ्याच्या वस्तूला लावावा तसा चाचपून बघितला.

"मी सहा आठवडे त्या कुशीवर झोपले नाही, बाबा," ती म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "आणि तू ओर्लाला सॉरी म्हणू दिलंस? आपल्या घरात बसून?"

"अगं, मला भीती…"

"तिचा केक खाल्लास तू!"

सुचित्रा एवढंच म्हणाली, "अहो, मला विचारायचं तरी. मी पकडी शिकवल्या असत्या तिला."

दुसऱ्या दिवशी मी मैदानावर गेलो. ओर्ला गाडीच्या डिकीत पोती भरत होती. मी सगळं सांगितलं, गुरुनाथच्या नावासकट. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "सांगितलंत, थँक्स." आणि डिकी लावली. तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ओर्ला राहिली, कमिटीनं तिला ठेवलं. गुरुनाथला डॉक्टरांच्या कौन्सिलकडून चौकशीचं पत्र आलं. गुढीपाडव्याला इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये तो मला दिसला, ताट घेऊन दुसऱ्या रांगेत जाऊन बसला. पस्तीस वर्षांची मैत्री. सही त्याची होती, पण हट्ट माझा होता, आणि मी नाव त्याचंही घेतलं.

कारखान्यात मी अजून लोकांचे कागद तपासतो. लाल पेनानं चुकांभोवती गोल काढतो. हात कापत नाही, ही शरमेची गोष्ट आहे.

कॉलर निघाली. एप्रिलअखेर डॉक्टरीणबाईंनी कागद दिला की मान पूर्ण बरी झाली आहे, हळूहळू खेळायला हरकत नाही. यामिनीनं तो फ्रिजला लावला. ओर्लाचे दोनदा मेसेज आले. यामिनी म्हणे, बघते.

मेमध्ये इथं रात्री नऊलाही उजेड असतो. एका संध्याकाळी जेवणाआधी मी भांडी लावत होतो आणि खिडकीतून मागचं अंगण दिसत होतं. सुचित्रा ट्रॅक पँटवर, चेंडू छातीशी धरून. समोर दहा पावलांवर यामिनी. दोघींनी मला सांगितलं नव्हतं, आणि का सांगावं?

"मी उजवीकडून येते," सुचित्रा म्हणाली. "हळू येते. तू घाल खांदा."

ती पन्नाशीची बाई दुडक्या चालीनं निघाली. यामिनी बरोबर वाकली, पाठ सरळ, नजर कमरेवर. शेवटच्या पावलाला तिचा उजवा खांदा मागे गेला. तिनं स्वतःला सावरलं आणि बाजूला झाली.

"काही नाही. परत," सुचित्रा म्हणाली.

परत तेच झालं.

"अगं, ये की अंगावर! मी काय काचेची आहे?"

यामिनी हसली, मान डोलावली, दोन्ही हात झटकले, दोन पावलं जास्त मागे गेली. या वेळी ती वेगानं आली. मला वाटलं, घालते आता. मी हातातलं ताट ओट्यावर ठेवलं. आईपासून हातभर अंतरावर ती थांबली. खांदा तसाच मागे ओढलेला, कोपर बरगडीशी दाबलेलं. तिथंच उभी राहून ती गवताकडे बघत राहिली.

"मला माहितीये तो चांगला आहे," ती म्हणाली. मराठीत म्हणाली. "मला माहितीये गं आई."

मग ती घरात आली. माझ्या शेजारून जाताना नळाखाली ग्लास धरला, पाणी प्याली आणि जिना चढून वर गेली.

सुचित्रा बाहेरच होती. चेंडू छातीशी, उजवी बाजू पुढे करून, पाय रोवून उभी.