थंडी आणि तुरटी

मुलांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुमची आई डॉक्टरांसमोर बसली आहे. दुखणं तिचं, पण डॉक्टरांची भाषा तिला येत नाही. ती भरभरून सांगते आणि शेजारी बसलेली आजी त्यातला एकच शब्द पुढे करते. तुम्हांला दोन्ही भाषा येतात. पण आजीने दारातच बजावलंय, मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालायचं नाही. आलं ध्यानात? तूदा अगदी अशीच बसली होती.

अ‍ॅटलासच्या डोंगरातल्या त्यांच्या घरात तमाझिग्त बोलत. आजी हेन्नू अरबी शिकली ती बाजारात, तूदा शाळेत. आई इत्तोला मात्र अरबी येत नव्हती. तिच्या अंगावरून पांढरं जायचं, खाज सुटायची, वास यायचा. औषधाने चार दिवस बरं वाटे, की पुन्हा तेच. हमाममध्ये, म्हणजे गावच्या सामाईक न्हाणीघरातही ती हल्ली बायकांपासून दूर, कोपरा धरून बसे.

"काही नाही, थंडी शिरलीय," आजी म्हणे. तिकडच्या बाया या सगळ्याला थंडीच म्हणतात. औषधाचा दुकानदारही थंडी ऐकली की बुरशीवरचं तेच मलम काढून देई. शिवाय आजी तुरटी कुटून पाण्यात विरघळवी. "आतून धू. माझ्या सासूने मला हेच दिलं. मी मेले का?"

दुखणं वाढलं की तुरटी वाढे.

डॉक्टरबाई किनाऱ्याकडच्या, नव्यानेच आलेल्या. त्यांनी विचारलं तशी इत्तो मान खाली घालून बोलत राहिली. आग होते, मासळीसारखा वास येतो, धुतलं की जास्तच होतं, मला माझीच किळस येते.

"थंडी म्हणतेय," हेन्नूने अरबीत सांगितलं.

"एवढं बोलल्या त्या, आणि नुसती थंडी?"

"आमच्या भाषेत पाल्हाळ फार."

"धुता कशाने?"

"साबणाने. सगळं जग धुतं तसं."

डॉक्टरबाईंचं पेन कागदावर टेकलं. तेच मलम, तूदाने ओळखलं. आईने तिच्याकडे पाहिलं. आईला शब्द कळले नव्हते, पेन कळलं होतं.

"तुरटीने," तूदा अरबीत म्हणाली. "आतून धुते. आणि मासळीसारखा वास येतो म्हणाली. धुतलं की वाढतो."

"कार्टे, घरी चल तू," आजी पुटपुटली.

डॉक्टरबाईंनी इत्तोला पडद्याआड नेलं, कापसाच्या काडीवर नमुना घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली बराच वेळ पाहिला.

"ही बुरशी नाहीच. योनिमार्गात चांगले जंतू असतात, ते राखण करतात. तुरटीने तेच धुऊन जातात आणि दुसऱ्यांचं फावतं. मलम लागू पडणार कसं? या गोळ्या पूर्ण घ्या. आणि आतून काहीही धुवायचं नाही, साध्या पाण्यानेसुद्धा."

तूदाने शब्दन् शब्द आईला सांगितला. इत्तोने हळूच विचारलं, "म्हणजे मी घाणेरडी नाही?"

तूदाने तेही अरबीत सांगितलं. डॉक्टरबाईंनी मुळीच नाही अशी मान हलवली. ते इत्तोला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

हमामचा दिवस आला. आजीने बादली भरली, कंगवा, साबण ठेवला आणि वर तुरटीचा मोठा खडा. "गोळ्या खा हवं तर. पण हे सोडायचं नाही. ती कालची पोर डॉक्टरीण मला शिकवणार?"

"बरं," इत्तो म्हणाली. या घरात दुसरा शब्द तिला कधी सापडलाच नव्हता. तिने बादलीच्या कडीला हात घातला.

तूदा शेगडीपाशी बसली होती. "आज्जी, आईला दृष्ट तर लागली नसेल?"

"लागायचीच. मी केव्हाची म्हणतेय." आजी खूश झाली.

तूदाने बादलीतला खडा उचलला, आईच्या डोक्यावरून ओवाळला आणि निखाऱ्यांवर टाकला. तुरटी फसफसली, फुगली. आजीने तोंड उघडलं आणि मिटलं. दृष्ट काढताना मध्ये बोलायचं नसतं, हे तूदाला तिनेच शिकवलं होतं.

पुढच्या बाजाराला नवी तुरटी येणार होतीच. तूदाने फळीवरचा तुरटीचा डबा काढला, तळाचा उरलेला चुरा ओंजळीत घेतला आणि पुन्हा आईभोवती हात फिरवायला लागली.