हाकेला ओ देणारी मगर

शनिवारी सकाळी नऊ वाजता आमच्या स्पूनबिल वसाहतीत चमत्कार व्हायचा, आणि लोक आठ वाजताच घडीच्या खुर्च्या घेऊन तळ्याकाठी जागा धरायचे. निवृत्त बँक मॅनेजर, दोन दंतवैद्य, एका शाळेच्या माजी मुख्याध्यापिका, अशी सगळी शहाणीसुरती माणसं. डोक्यावर हॅट, नाकाला उन्हाचं पांढरं मलम, हातात बर्फ घातलेला चहा. तळं म्हणजे तरी काय, पावसाचं पाणी साठवायला बिल्डरने घरांच्या मागे खणलेला मोठा खड्डा. फ्लोरिडात असा खड्डा खणला की वर्षाच्या आत त्यात मगर राहायला येते, त्याचं कुणाला नवल वाटत नाही. नवल पुढचं होतं.

ब्रदर ड्वेन प्रुइट पांढऱ्या शर्टाच्या बाह्या सरसावून घोटाभर पाण्यात उतरायचा. तळहाताने पाण्यावर तीन चापट्या मारायचा आणि खर्जात म्हणायचा, "डेबोरा, ये बाई." पलीकडच्या पाणकणसांतून आठ फुटांची मगर निघायची, सरळ तळं कापत यायची आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर जबडा किंचित उघडून थांबायची. मग ब्रदर उजवा हात आकाशाकडे उचलायचा. "जा. इथल्या लेकरांना तुझं भय नको." मगर वळायची आणि मुकाट पाणकणसांत परत जायची. मुख्याध्यापिका दर शनिवारी रडायच्या.

त्यानंतर प्रवचन. एदेनच्या बागेत सर्पाने माणसाला फसवलं, ते जुनं भांडण आता देवाने ब्रदर ड्वेनच्या हातून मिटवायचं ठरवलं आहे, आणि सुरुवातीला हीच वसाहत निवडली आहे. सगळं जग सोडून देवाला आमच्याच तळ्याचं का पडलं होतं, हे कुणी विचारलं नाही. कदाचित इथे गाड्या लावायला जागा बरी असावी, असं मी मनात म्हणायची.

मी रोवीना. या वसाहतीतले पोहण्याचे हौद मी बावीस वर्षं साफ करते आहे. लोकांच्या मागच्या दाराने जाते, मागच्या दाराने येते, त्यामुळे मला बरंच दिसतं. आणि या माणसाला फाटकाच्या आत मीच आणलं होतं.

ड्वेन माझ्या नवऱ्याचा, व्हर्जिलचा, जिवलग मित्र. तरुणपणी दोघं एका परवानाधारक मगरपकड्याच्या हाताखाली काम करायचे. व्हर्जिलच्या शेवटच्या आठवड्यात इस्पितळातली खुर्ची न सोडणारा माणूस म्हणजे ड्वेन. शवपेटीचा पुढचा कोपरा त्याच्या खांद्यावर होता. म्हणून वसंतात ऑकरमन जोडप्याच्या हौदापाशी साप निघाला आणि बाई खुर्चीवर चढून बसल्या, तेव्हा मी त्यालाच फोन केला. तेव्हा तो नुसता ड्वेन होता, ब्रदर नव्हता.

शेजारीपाजारी गोळा झाले होते. सापाने नागासारखी मान पसरली होती आणि फुसफुस चालवली होती. ड्वेन त्याच्यासमोर गुडघ्यावर बसला, डोळे मिटले, काहीतरी पुटपुटला आणि सापाच्या पाठीला बोट लावलं. साप तडफडला, उताणा पडला, जीभ बाहेर लोंबली, घाण वास सुटला. लोक मागे सरले. ड्वेनने सगळ्यांना दहा पावलं दूर उभं केलं आणि म्हणाला, "तुझं विष देवाने घेतलं. आता ऊठ." थोड्या वेळाने मेलेला साप सावकाश सुलटा झाला आणि गवतात निघून गेला. लोकांनी तोंडात बोटं घातली.

मला हसू आवरत नव्हतं, कारण हाच खेळ ड्वेनने वीस वर्षांपूर्वी आमच्या मागच्या पायरीवर मला आणि व्हर्जिलला दाखवला होता. तो नाकाड्या साप. त्याचं नाक डुकरासारखं वर वळलेलं असतं, आणि माणसाच्या जिवाला त्याच्यापासून काहीही धोका नसतो. घाबरला की आधी मान पसरून दरडावतो, आणि तेवढ्याने भागलं नाही तर मेल्याचं सोंग घेतो. आसपास कुणी नाही असं वाटलं की उठून चालू लागतो. त्या दिवशी ड्वेनने माझ्याकडे बघून डोळा मारला. मला वाटलं, गंमत झाली, आता खरं सांगेल. त्याने सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.

उन्हाळ्यापर्यंत तो ब्रदर झाला. कोपऱ्यातल्या घराच्या ग्रेटचेन ऑस्ट्रँडरबाईंनी त्याला गॅरेजवरची खोली दिली. घराभोवती सापांना न ओलांडता येणारं प्रार्थनेचं कुंपण घालून मिळू लागलं, आणि ते दर महिन्याला नव्याने घालावं लागे, कारण ब्रदरच्या म्हणण्याप्रमाणे आपल्या दमट हवेत प्रार्थना फार टिकत नाही. वसाहतीच्या समितीने मगरपकड्याचा नंबर सूचनाफलकावरून काढला. तळ्याकाठची 'मगरीपासून दूर राहा' ही पाटीही काढली आणि तिथे बसायला बाक ठेवला.

मी त्याला एकदा गाठून विचारलं. तो म्हणाला, "रोवी, आधी ही माणसं साप दिसला की फावड्याने ठेचायची. आता कुणी ठेचत नाही. यात वाईट काय झालं?" व्हर्जिलच्या उशाशी बसलेला ड्वेन माझ्या डोळ्यांसमोर होता, आणि मी पुन्हा गप्प बसले.

मग ऑकरमनांचा पिकल्स गेला. लहानसा, पांढरा, म्हातारा कुत्रा. सकाळी तळ्याकाठी हुंगत होता, आणि बाईंनी वळून पाहिलं तर दोरीचं नुसतं टोक हातात. ब्रदर त्यांच्या घरी गेला आणि शांतपणे म्हणाला की या घरात शंका शिरली होती. त्या बिचाऱ्या बाईने कुत्र्यासाठी रडायचं सोडून शंकेची क्षमा मागितली. मी त्यांच्याच हौदावर काम करत होते. मला त्या माणसाची पहिल्यांदा शिसारी आली.

पुढच्या मंगळवारी मी ऑस्ट्रँडरबाईंच्या हौदावर गेले. वादळात त्यांच्या हौदाभोवतीची जाळी फाटली होती, आणि जाळी लावणारे लोक अजून अर्ध्या गावाला तारखा देत होते. हौदातला कचरा अडवणारी टोपली उपसली तर तिच्यात पाण्याने फुगलेले पांढरे मऊ गोळे निघाले. मार्शमॅलो, म्हणजे साखरेची मऊ मिठाई. बाईंना मधुमेह, त्यांच्या घरात साखरेचा दाणा नसतो. त्यांची पाच वर्षांची नात पायपर पायरीवर बसली होती. मी विचारलं, हे कुणाचे?

"ब्रदरचे," ती म्हणाली. "मी इथे डेबोरा-डेबोरा खेळत होते. तो रोज सकाळी डेबोराला नाश्ता देतो. कुणाला सांगायचं नाहीये."

"कसा देतो?"

"आधी पाण्यावर तीन चापट्या. ती आली की एक जवळ टाकायचा. मग हात वर करायचा आणि दुसरा खूप लांब टाकायचा, तिच्या घराकडे. मग ती जाते."

एवढाच होता तो चमत्कार: शनिवारी नुसता हात वर झाला, तरी ती सवयीने लांबच्या घासाकडे वळायची. आमच्या राज्यात मगरीला खाऊ घालणं गुन्हा आहे, आणि का आहे हे ड्वेनला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं, कारण मला ते त्यानेच शिकवलं होतं. रानातली मगर माणसाला टाळते. माणूस म्हणजे घास, हे एकदा तिच्या डोक्यात बसलं की तिला घास देणारा हात आणि घास यांतला फरक कळत नाही.

हा विचार करत मी टोपली धुवायला वाकले. वर पाहिलं तर पायरी रिकामी. फाटक्या जाळीतून पायपर बाहेर गेली होती, पाण्याच्या काठावर उकिडवी बसली होती आणि इवल्या हाताने पाण्यावर चापट्या मारत होती. एक, दोन, तीन. पाणकणसं हलली.

मी कशी धावले ते मला आठवत नाही. हातात हौद साफ करायची लांब दांडी होती, ती मी पोरीच्या पुढे आडवी घातली आणि दुसऱ्या हाताने तिला फ्रॉकला धरून मागे ओढलं. जबडा दांडीवर मिटला. दांडी अॅल्युमिनियमची असते, ती कागदासारखी दबली. मग डेबोराने ती सोडली आणि पाण्यात परत गेली.

ऑस्ट्रँडरबाई धावत आल्या. पहिलं वाक्य काय बोलल्या असतील? "ब्रदरने तिला आशीर्वाद दिलाय, रोवीना. डेबोरा तिला काही करणार नव्हती." मी दांडी त्यांच्या हातात दिली. दातांच्या खड्ड्यांवरून त्यांनी बोट फिरवलं आणि पायपरला उचलून घरात नेलं.

दुपारी मी ड्वेनच्या खोलीत गेले. तो ढसाढसा रडला. व्हर्जिलची शपथ घेऊन म्हणाला की हे सगळं संपलं, शनिवारी तो स्वतः सर्वांसमोर कबूल करेल, फक्त मी तोवर थांबावं. मी थांबले. पण वसाहतीतल्या प्रत्येक लहान मुलाच्या घरी जाऊन पाण्याकडे फिरकू देऊ नका, एवढं मात्र सांगून आले.

शनिवारी तो पांढरा शर्ट घालून उभा राहिला. मी मागे वाट बघत होते.

"मंगळवारी," ब्रदर म्हणाला, "सैतानाने एका लेकराला या पाण्याकडे ओढलं. पण त्या लेकराच्या डोक्यावर माझा हात होता. मगरीचा जबडा देवाने बांधून ठेवला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या हातात ती चेपलेली दांडी होती. इतक्या वर्षांच्या मैत्रीत मला कुणी इतकं एकटं पाडलं नव्हतं.

मी पुढे गेले. त्याला बाजूला व्हायला सांगितलं, काठापासून चांगली लांब उभी राहिले आणि दांडीच्या टोकाची कचरा गाळायची जाळी पाण्यावर तीनदा आपटली. प्रार्थनेच्या जागी क्लोरीनच्या डब्यावरची सूचना मोठ्याने म्हटली: थंड जागी ठेवा, मुलांच्या हाती देऊ नका. डेबोरा आली. मी हात वर केला. डेबोरा गेली. तिला क्लोरीनही चाललं.

कुणीतरी हसलं. ऑस्ट्रँडरबाई उठल्या आणि त्यांनी ब्रदरच्या खोलीतून आणलेली मार्शमॅलोची भली मोठी पिशवी बाकावर ठेवली. आता राहिला होता साप. शेवटच्या चमत्कारासाठी ब्रदरने तो कापडी पिशवीत आणलाच होता. मी तो गवतावर सोडला आणि बोट लावलं. साप रीतसर मेला. मग मी तो उचलून सुलटा ठेवला. साप लगेच उलटा झाला. पुन्हा सुलटा केला, पुन्हा घाईघाईने उताणा पडून त्याने जीभ लोंबवली.

"मेलेला साप," मी म्हणाले, "आपण मेलोय हे पटवून द्यायला एवढी धडपड करत नाही."

मुख्याध्यापिका खाली वाकून बराच वेळ त्या सापाकडे बघत राहिल्या. त्या दिवशी त्या रडल्या नाहीत.

ड्वेन माझ्याजवळ आला. "व्हर्जिल असता, तर त्याने मला चारचौघांत असं उघडं पाडलं नसतं."

"तू मंगळवारी त्याची शपथ घेतलीस ती मोडायलाच. आता त्याचं नाव तुझ्या तोंडात नको."

तो दुपारच्या आत वसाहत सोडून गेला. जाताना कुणी त्याच्याशी बोललं नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याशीही फारसं कुणी बोललं नाही.

सोमवारी मगरपकडी बाई आली, तिच्यासाठी मीच फोन केला होता. मगर हुशार असली तर दिवस जाईल, असं म्हणत ती आमिष काढू लागली. मी तिला म्हटलं, त्याची गरज नाही, पाण्यावर तीन चापट्या मारा. तिने मारल्या. डेबोरा सरळ रेषेत तळं कापत आली आणि हातभर अंतरावर थांबली. फास पडला तरी क्षणभर तिला काही कळलं नाही. माणसांना सरावलेली एवढी मोठी मगर दुसऱ्या पाण्यात सोडत नाहीत, मारून टाकतात. जबड्याला चिकटपट्टी गुंडाळून तिला ट्रकमध्ये चढवलं, तेव्हा ती तळ्याकडे तोंड करून पडली होती.

ड्वेनने माझा केसाने गळा कापला, हे मी कुणालाही सांगते. पण डेबोराचा घात त्याने एकट्याने केला नाही. तिला जे शिकवलं होतं, तेवढंच तिने केलं होतं. मला सापाचा तो खेळ पहिल्या दिवसापासून माहीत होता, आणि मी मैत्रीपायी तोंड मिटून बसले. मी ऑकरमनांच्या अंगणात एक वाक्य बोलले असते, तर पिकल्स आणि डेबोरा दोघंही जिवंत असते.

पायपर अजून विचारते, डेबोरा कुठे गेली. आजी सांगते, लांबच्या तळ्यात. मी तिला खरं सांगितलं: डेबोराला मारलं, कारण आपण तिला हाकेसरशी यायला शिकवलं.

पाटी पुन्हा लागली आहे, बाक काढला आहे. साप दिसला तर बाजूला व्हा, तो आपल्या वाटेने जाईल. मगरीला आपलं भय राहू द्या, प्रार्थनेच्या कुंपणाहून ते पक्कं आहे. कुणी चमत्कार दाखवला तर तो स्वतःच्या हाताने करून बघायला मागा. आणि ज्याला त्यातली मेख माहीत आहे, त्याने पहिल्याच दिवशी बोलावं, समोर उभा असलेला माणूस कितीही आपला असला तरी.